तिसरी हाक

नाकाच्या डाव्या पाळीला खाज सुटली आणि छोटीने हात हलवला नाही.

ती उताणी पडली होती. हात अंगालगत, तळवे छताकडे, पाय किंचित फाकवलेले. पुस्तिकेत लिहिलं होतं तस्संच. पडदा ओढलेला असला तरी दुपारचं ऊन त्याच्या कडेने आत शिरून छतावर एक पिवळी पट्टी टाकून बसलं होतं. दोन वाजता तिने शेजारच्या खोलीत ताईला डाव्या कुशीवर वळवलं होतं, चार वाजता उजव्या कुशीवर वळवायचं होतं. मधल्या वेळात धुणंभांडी उरकून जो तास उरे तो छोटीचा. दिवसाकाठी तेवढाच.

खाज आधी सुईच्या टोकाएवढी होती. मग काजाएवढी झाली, मग कोटाच्या बटणाएवढी. छोटीने कपाळ आक्रसलं आणि लगेच सैल सोडलं. कपाळ आक्रसणं हेही हलणंच.

पुस्तिकेत या प्रकाराला ‘शरीराचे निरोपे’ म्हटलं होतं. झोपण्याआधी शरीर म्हणे चाचपून बघतं, मालक जागा आहे की झोपला. म्हणून ते एकेक निरोप्या धाडतं. आधी खाज, मग तोंडात लाळ, मग पायाला झटका, मग कूस बदलायची अनावर इच्छा. जो उत्तर देतो त्याचा खेळ संपला, त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. जो मुकाट पडून राहतो त्याचं शरीर बिचारं फसतं आणि झोपी जातं, आणि माणूस आत जागाच राहतो. मग स्वप्न सुरू होतं, आणि हे स्वप्न आहे हे पक्कं ठाऊक असल्यामुळे त्यात हवं तिथे जाता येतं.

लाळ साचत चालली. बावन्न वर्षं आपण दिवसभर काही ना काही गिळत असतो हे छोटीच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. गिळायचं नाही म्हटल्यावर मात्र दुसरं काही सुचेना. तिने मान तसूभर कलती केली, लाळ आपोआप घशाकडे ओघळू दिली. उजव्या पोटरीत कुणीतरी धावदोरा ओढल्यासारखा झटका आला. आला तसा गेला. मग हळूहळू हातांना वजन चढलं, कानांत लांबवर शिलाई मशीन चालल्यासारखी घरघर सुरू झाली, आणि मिटल्या डोळ्यांसमोर रंगांच्या चिंध्या तरंगायला लागल्या. आता थोडंच राहिलं होतं.

“छोटी.”

पुस्तिकेतला शेवटचा इशारा तिला पाठ होता. अगदी उंबरठ्यावर आल्यावर कुणीतरी तुम्हाला नावाने हाक मारील. आवाज ओळखीचा असेल. तो खरा नाही. उत्तर देऊ नये.

छोटी हलली नाही.

“छोटी, ए.”

रंगांच्या चिंध्या दूर सरकल्या. घरघर बारीक झाली.

“ए छोटी, ये ना गं.”

छोटीने श्वास रोखला. मग सावकाश सोडला. स्वप्न तर केव्हाच मोडलं होतं. कानांत घरघर नव्हती, हात हलके झाले होते, छतावरची पिवळी पट्टी बंद पापण्यांतूनही जाणवत होती. तरीही ती पडून राहिली. पुढची वीस-पंचवीस मिनिटं कुणी निरोप्या आला नाही आणि हाकही आली नाही.

पावणेचारला उठून ती ताईच्या खोलीत गेली तेव्हा ताईची उजवी पापणी जर्दाळूएवढी सुजली होती. तिच्यावर एक लाल मुंगी अजून बसलेली होती, आणि आणखी दोन भुवईतून वाट काढत होत्या.

“अगं बाई!” छोटीने बोटाने मुंग्या टिपल्या. “अगं, हे काय झालं!”

“फुंकर मारून पाहिली,” ताई म्हणाली. “खालचा ओठ पुढे काढून. नाकापर्यंत पोचते, डोळ्यापर्यंत नाही पोचत.”

मुंग्यांची रांग पलंगाच्या पायावरून चढून उशीखाली शिरली होती. दुपारी रस पाजताना सांडला होता. छोटीने अभ्रा बदलला नव्हता, नुसती उशी उलटी केली होती; म्हटलं, संध्याकाळी बदलू. तिने आता उशी उचलली, झटकली, अभ्रा ओढून काढला आणि गोळा करून दाराबाहेर फेकला.

“झोप लागली होती का गं?” ताईने विचारलं.

“हो ना,” छोटी म्हणाली. “मेल्यासारखी.”

“बरं झालं. दमतेस.”

छोटी ओला रुमाल आणायला गेली आणि नळ सोडून बराच वेळ तशीच उभी राहिली.

*

ताई सात वर्षांनी मोठी. तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होती. तिचा आवाज असा, की मागच्या दाराशी उभी राहून ती ‘पुढे सरका’ म्हणाली की ड्रायव्हरसुद्धा सीटवर पुढे सरकायचा, असं लोक म्हणत. निवृत्त झाल्यावर चार महिन्यांनी ती स्वतःच्याच इमारतीच्या जिन्यावरून पडली, तेही उतरताना नव्हे, चढताना, आणि मानेखालचं सगळं तिथेच राहिलं. दोन वर्षं झाली. छातीत जोर उरला नाही तशी आवाजाचीही रया गेली. आता तिची हाक खोलीचं दार कशीबशी ओलांडायची. डॉक्टरांनी तोंडाजवळ शिट्टी बांधून द्यायचं सुचवलं होतं. ताईने ती थुंकून टाकली.

“ही काय आता माझी बस आहे?” ती म्हणाली होती. “शिट्टी वाजवली की ही थांबणार?”

छोटीने लग्न केलं नव्हतं. का केलं नाही हे विचारणारी माणसं आता उरली नव्हती. सकाळी सात ते एक ती कपडे अल्टर करणाऱ्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत बसून बाह्या आखूड करायची, कंबरा सोडायची, चेन बदलायची. तेवढा वेळ ताईपाशी एक मावशी बसत. पुस्तिका तिला तिथेच सापडली. एका म्हाताऱ्या गृहस्थाचा कोट बाह्या उसवायला आला होता, त्याच्या आतल्या खिशात होती. मुखपृष्ठ फाटलेलं, पानं चहाने पिवळी पडलेली. खिशातल्या वस्तू चिठ्ठी लावून मास्तरांकडे द्यायच्या असा दुकानाचा नियम. छोटीने ती वाचायला म्हणून घेतली, कोट गेला, आणि पुस्तिका तिच्या पिशवीतच राहिली. आयुष्यातली पहिली चोरी, आणि तीही झोपायचं कसं हे शिकण्यासाठी.

दोन महिन्यांत तिला एकदाच जमलं होतं. त्याबद्दल तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सिस्टर आल्या. आठवड्यातून दोनदा येऊन त्या ताईचा रक्तदाब बघत, पाठ आणि माकडहाड तपासत. पापणी बघून त्यांनी भुवया वर केल्या.

“मुंगी? आणि तुम्ही घरात होतात ना?”

छोटीने तोंड उघडलं.

“झोपली होती ती,” ताई आधीच म्हणाली. “तिने झोपायचं नाही की काय? पहाटे पाचला उठते.”

“तसं नाही हो, पण हाक मारायची ना तुम्ही.”

“मारली असती,” ताई म्हणाली, “पण माझा आवाज आता मलाच ऐकू येत नाही.”

सिस्टर हसल्या, मलमाची नळी ठेवून गेल्या. छोटी त्यांना दारापर्यंत पोचवायला गेली, आणि परत खोलीत येण्याऐवजी स्वयंपाकघरात जाऊन आधीच घासलेलं पातेलं पुन्हा घासत बसली. आपल्यासाठी कुणी खोटं बोललं की ते खोटं दुप्पट होतं, की निम्मं? तिला ठरवता येईना.

दुकानात त्या आठवड्यात तिने एका जॅकेटची डावी बाही दोनदा आखूड केली.

“बाई,” मास्तर जॅकेट नाचवत म्हणाले, “गिऱ्हाइकाचा डावा हात लहान मुलाचा आहे काय?”

एरवी तिने उलट उत्तर दिलं असतं. आता तिने जॅकेट घेतलं, मान खाली घातली आणि टाके उसवायला लागली. मास्तरांनी काळजीने तिच्याकडे पाहिलं. भांडणारी बाई गप्प बसली की दुकानाचा नूरच बदलतो.

*

मुंग्यांच्या त्या दिवसापासून ताईने दुपारची हाक मारणं बंद केलं.

सकाळी मावशींना ती हाका मारायची, संध्याकाळी छोटीलाही मारायची: पाणी दे, खिडकी लाव, रेडिओ कमी कर, अगं तो किती मोठ्याने बोलतोय, जसा काही माझ्यावर रागावलाय. पण दोन ते चार या वेळात तिच्या खोलीतून एक शब्द बाहेर पडत नसे. छोटीने आपली खाट ओढून दाराजवळ आणली. मधलं दार सताड उघडं ठेवून त्याला वीट लावली. पुस्तिका गादीखाली सारली आणि नुसती कुशीवर पडून कान देऊ लागली. आता तिला हात हलवायला, खाजवायला, गिळायला मुभा होती, आणि खाज येत नव्हती.

चौथ्या दिवशी चार वाजता तिने ताईला पाणी पाजलं तेव्हा ताईने अर्धा पेला एका दमात ओढून घेतला.

“तहान लागली होती?”

“लागली होती मघाशी.”

“मग हाक नाही का मारायची?”

“तू झोपली असशील म्हटलं.”

आवाजात टोमणा असता तर छोटीने तो झेलला असता. लहानपणापासून ताईच्या टोमण्यांवर ती वाढली होती. कुठला कसा परतवायचा हे तिला ठाऊक होतं. पण हे ताई अगदी सरळ म्हणाली, बसला उशीर आहे हे सांगावं तसं. छोटीने पेल्यातली नळी काढून धुतली. मग पेलाही धुतला. मग टेबल पुसलं.

असे अकरा-बारा दिवस गेले. पापणी उतरली, जांभळी झाली, पिवळी झाली. छोटीचे मात्र डोळे खोल गेले.

रविवारी ताईचे केस धुवायचे असत. पलंगाच्या डोक्याकडची फळी काढून, उशीखाली रबरी कापड घालून, छोटी खाली टब ठेवायची आणि ताईचं डोकं आपल्या डाव्या तळहातावर तोलून धरायची. त्या वेळी ताईचा चेहरा तिला उलटा दिसे, हनुवटी वर आणि कपाळ खाली. उलट्या चेहऱ्यावरचे भाव वाचता येत नाहीत. कदाचित म्हणूनच तिला तेव्हा बोलता आलं.

“मी ऐकलं होतं,” ती म्हणाली.

“काय?”

“त्या दिवशी. तुझ्या हाका. तिन्ही.”

ताईने डोळे मिटून घेतले होते, फेस जाऊ नये म्हणून. छोटीने तांब्याने पाणी ओतलं. कानामागचा फेस टबात उतरला.

“ठाऊक आहे मला,” ताई म्हणाली.

तांब्या टबाच्या कडेवर आपटला.

“पहिल्या दोन हाकांना तुझा श्वास लांबलांब येत होता. तिसऱ्या हाकेला थांबला. झोपलेलं माणूस श्वास रोखत नाही गं. दोन वर्षं मी या भिंतीपलीकडून तुझा श्वासच ऐकत असते, दुसरं आहे काय ऐकायला?”

“मग सिस्टरना का सांगितलं नाहीस?”

“त्यांचा काय संबंध?” ताई म्हणाली. “आपल्या घरातलं आहे.”

छोटीने तिच्या डोक्याला पुन्हा साबण लावला. एकदा लावून झाला होता, हे तिच्या लक्षात आलं नाही. मग तिने सांगायला सुरुवात केली: कोट, खिसा, फाटकी पुस्तिका, उताणं पडणं, निरोपे. शेवटचा इशाराही सांगितला, शब्द न शब्द. आवाज ओळखीचा असेल. तो खरा नाही.

“मग तुला तो खोटा वाटला,” ताई म्हणाली. तिने वाट दाखवल्यासारखं केलं. छोटीने नुसतं हो म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता.

“पहिल्यांदा वाटला,” छोटी म्हणाली. “दुसऱ्यांदा मी तसं वाटवून घेतलं. तिसऱ्यांदा नाही.”

“कशावरून?”

छोटीच्या हातावरचं डोकं जड झालं होतं.

“खोटा असता तर तुझा जुना आवाज आला असता. बसमधला.”

ताईने डोळे उघडले. फेसाचा एक थेंब कपाळावरून भुवईकडे निघाला होता. छोटीने तो अंगठ्याने अडवला. खाली रस्त्यावर कुणीतरी मोटार चालू करायचा प्रयत्न करत होतं. ती तिसऱ्या खेपेला चालू झाली आणि निघून गेली.

“पाणी गार झालं,” ताई म्हणाली. “आटप आता.”

*

दिवसभर त्यावर आणखी बोलणं झालं नाही. छोटीला वाटलं, आता ताई रागावेल. रागावली तर बरं. पण संध्याकाळी केस विंचरताना ताईने एकदम विचारलं,

“खाज आली की काय करायचं म्हणतो तुझा तो पुस्तकवाला?”

“दुर्लक्ष करायचं. पाच मिनिटांत जाते म्हणे.”

“अकरा.”

“काय अकरा?”

“अकरा मिनिटं लागतात. नाकावरची तेरा-चौदा. समोर घड्याळ आहे ना, मला दुसरा उद्योग काय?” ताईने नाक फेंदारून दाखवलं. “देवाने सगळ्या अंगाची काढून घेतली आणि तोंडावरची तेवढी ठेवली. आणि दुर्लक्ष करून जात नाही. नाही म्हटलं की ठाण मांडते. तिला म्हणायचं, या बाई, बसा, जागा आहे. मग आपणच कंटाळून उतरते.”

छोटीच्या हातातली फणी थांबली. दोन वर्षं. दिवसाला किती वेळा? आपण शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत असताना, चहा पीत असताना, हात अंगालगत ठेवून, हौस म्हणून, खाज सोसत पडलो असताना.

“मला सांगत का नाहीस तेव्हा?”

“सगळंच काय सांगायचं? तू नाकापाशीच बसून राहशील मग.” ताई हसली. “आण ते पुस्तक. वाच.”

छोटीने गादीखालून पुस्तिका आणली आणि वाचली. ताईने मधूनमधून शेरे मारले. लिहिणारा आयुष्यात कधी सक्तीने पडून राहिलेला दिसत नाही. ‘सर्व अवयव क्रमाक्रमाने शिथिल करावेत’ हे ऐकून तिने विचारलं, “आमच्यासारख्या शिथिल करून आलेल्यांनी काय करावं? थेट पुढच्या धड्यात बसावं?” छोटीला हसू फुटलं, बारा दिवसांत पहिल्यांदा, आणि हसू आलं म्हणून लगेच अपराध्यासारखं वाटलं.

“तुला जमलं कधी?” ताईने विचारलं.

“एकदा.”

“मग? कुठे गेलीस?”

हेच विचारलं जाणार हे तिला तेव्हापासूनच ठाऊक होतं. उत्तरही तयार होतं: तू होतीस, आपण दोघी चालत होतो, तू माझ्यापुढे होतीस. हे उत्तर तिने मशीनवर बसून इतक्या वेळा घोटलं होतं, की ते जवळजवळ खरं झालं होतं.

“सकाळची वेळ होती,” छोटी म्हणाली. “रस्ता रुंद होता. हातात पिशवी नव्हती. मी नुसतीच चालत राहिले. मग घरी आले.” तिने फणीत अडकलेले केस काढून बोटाला गुंडाळले. “घराला एकच खोली होती.”

“म्हणजे?”

“ही खोली नव्हती. इथे भिंत होती. आणि मला त्याचं काही वाटलं नाही, ताई. मी चहा केला आणि खिडकीत बसून प्यायले.”

ताईची नजर छतावरून भिंतीवर गेली.

“भिंतीला रंग दिला होता?” तिने विचारलं.

“पांढरा.”

“मग ठीक आहे. नुसत्या विटा ठेवल्या असत्यास तर वाईट वाटलं असतं.”

ती हे हसून म्हणाली, पण त्यानंतर तिने तोंड दुसरीकडे वळवलं. तेवढं तिला अजून करता येत होतं. छोटीने दिवा कमी केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हाक आली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. छोटीने सगळं खरं सांगून टाकलं होतं, अगदी न विचारलेलंसुद्धा. तरी दोन ते चार हे घर बंद दुकानासारखं गप्प असायचं. खरं बोललं की हलकं वाटतं असं तिने ऐकलं होतं. तिला तर वाटलं, आपण आपलं ओझं ताईच्या अंगावर ठेवून आलो, आणि तिला ते खाली ठेवायला हातही नाहीत.

*

बुधवारी दोन वाजता कुशीवर वळवून घेताना ताई म्हणाली, “आज मी जाऊन बघते.”

“कुठे?”

“तुझ्या पुस्तकात. पडदा लाव. आणि इथे घुटमळू नकोस, मला तुझ्या चपला ऐकू येतात.”

छोटीने पडदा लावला, उशी पाठीशी खोचली आणि पायांतल्या चपला हातात घेऊन बाहेर आली. खाटेवर पडायचा तिला धीर झाला नाही. स्टुलावर बसून एका पँटची तळाची दुमड हाताने शिवत राहिली. घरचं मशीन चालवलं नाही. फोन उचलून उशीखाली ठेवला. खाली कुणी भंगारवाला ओरडत आला तेव्हा खिडकी लावून घेतली. आवाज न करता जगणं किती कष्टाचं असतं. सुई खाली ठेवली तरी वाजते.

चार वाजता ती उठली. उंबरठ्यावरच थांबली.

ताई झोपलेली होती. पण ती रोजची, तोंड किंचित उघडं टाकून गुंगीत पडल्यासारखी झोप नव्हती. मिटलेल्या पापण्यांखाली डोळे डावीउजवीकडे पळत होते. कपाळावरची आठी, जी दोन वर्षांत झोपेतसुद्धा सुटली नव्हती, ती सुटली होती. ओठांचा एक कोपरा वर गेला होता आणि तिथेच राहिला होता.

छोटीने घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून दोन मिनिटं. सिस्टरांनी बजावून ठेवलं होतं: दोन तास म्हणजे दोन तास. कमरेच्या हाडावर लाल चट्टा दिसायला लागलाय, कातडी एकदा फाटली की मग महिनेच्या महिने. ती पलंगापाशी गेली. हात पुढे केले आणि मागे घेतले. हात गार होते. तिने ते काखेत धरून गरम केले. चार वाजून सहा. ताईच्या गळ्यातून हलकासा आवाज आला, हसण्यासारखा. चार वाजून दहा. छोटी पलंगाशी गुडघे टेकून बसली, पुन्हा उठली. त्या दिवशी हाक आली तेव्हा हे पाय उठले नाहीत. आज कुणी बोलावलं नव्हतं, आणि येऊन उभे होते.

चार वाजून चौदा मिनिटांनी तिने एक हात ताईच्या खांद्याखाली आणि दुसरा कमरेखाली घातला. जितकं हळू जमेल तितक्या हळू, पाण्यात भिजलेला रेशमी कपडा उचलावा तसं तिने ताईला वळवलं.

ताईने डोळे उघडले. क्षणभर तिला काहीच ओळखू आलं नाही. मग आठी परत आली.

“अगं,” ती म्हणाली. “आत्ता कुठे...”

“चौदा मिनिटं थांबले,” छोटी भरभर म्हणाली. “आणखी थांबता येईना. तो चट्टा... मला नको होतं उठवायला, ताई, खरंच.”

छोटीने तिचे गुडघे सरळ केले, मध्ये उशी ठेवली, झग्याची चुणी पाठीखालून ओढून काढली. या कामांना डोळे लागत नाहीत, पण ती डोळे त्यांच्यावरच ठेवून होती.

“बस होती,” ताई म्हणाली.

छोटीचे हात थांबले.

“जुनीच. रिकामी. मी मागच्या दारात उभी होते. पावलांखाली पत्रा थरथरत होता, तो कळत होता मला. तळव्यांना.” ती थांबली. श्वास जमवला. “आणि एका थांब्यावर तू होतीस.”

“मी?”

“पिशवी घेऊन. हात केलास.”

छोटीने विचारायचं नाही ठरवलं, आणि विचारलं. “मग?”

ताईने मान जेवढी वळवता येई तेवढी वळवून तिच्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर काय होतं, ते सुलटं दिसत असूनही छोटीला वाचता आलं नाही. तिने ते खरंच बघितलं होतं, की आत्ता, इथे, पहिल्यांदाच रचलं होतं, हेही कळायला मार्ग नव्हता.

“घंटीची दोरी दोनदा ओढली,” ताई म्हणाली.

“म्हणजे काय करायचं असतं?”

“एकदा म्हणजे थांबवा. दोनदा म्हणजे चला.”

छोटी पलंगाच्या कडेवर बसली. तिच्या घशातून जो आवाज आला तो आधी हुंदक्यासारखा वाटला, पण निघाला हसण्याचा. मग कुठला आहे ते तिचं तिलाच सांगता येईना.

“बरं केलंस,” ती म्हणाली.

“ओरडत होतीस मागून. मी वळूनसुद्धा बघितलं नाही.”

“बरं केलंस, ताई.”

पडद्याच्या कडेने ऊन भिंतीवर आलं होतं. मग ताईने डोळे मिटले.

“तू जा आता, पड घटकाभर,” ती म्हणाली. “लागलं तर हाक मारीन.”